शस्त्रक्रिया मुंबईत, बरे होणे दहिवलीत

कर्जतहून मुंबईला जाणाऱ्या लोकलमध्ये शौचालय नसते. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतचे अंतर सुमारे १०० किलोमीटर, प्रवास दोन तासांहून थोडा अधिक. नोकरीच्या तीस वर्षांत मी तो रोज केला. डब्यात शौचालय नाही ही गोष्ट कधी जाणवलीसुद्धा नाही. सदुसष्टाव्या वर्षी प्रोस्टेटच्या कर्करोगामुळे ती ग्रंथी काढून टाकावी लागली. दहा दिवसांनी लघवीची नळी निघाली आणि तपासणीची तारीख जवळ आली, तेव्हा मला त्या दोन तासांची धास्ती वाटू लागली. शेवटी मुलाने रजा काढली, भाड्याची गाडी केली आणि वाटेत तीनदा थांबत आम्ही मुंबई गाठली. डॉक्टरांची भेट झाली ती दहा मिनिटांची. त्यांनी टाके पाहिले, चार प्रश्न विचारले आणि पुढच्या रक्ततपासणीची चिठ्ठी दिली.

दहिवलीला परतताना मनात एकच प्रश्न होता. या दहा मिनिटांतल्या कोणत्या कामासाठी मी तिथे असणे आवश्यक होते? टाके पाहणे सोडले तर बाकी सारे फोनवर झाले असते, आणि टाके तर कर्जतच्या डॉक्टरांनीही पाहिले असते. त्यानंतरचे वर्षभर मी या विषयावर जमेल तेवढे वाचले, माझ्या डॉक्टरांना विचारले, आसपासच्या ज्यांची अशी शस्त्रक्रिया झाली होती त्यांच्याशी बोललो. मी वैद्यकातला नाही. पण शस्त्रक्रिया काही तासांत होते आणि बरे होण्याचे काम घरात महिनोन् महिने चालते, हे रुग्णाइतके कोणाला ठाऊक नसते. त्या महिन्यांत फोनवरून मिळणारी वैद्यकीय मदत, म्हणजेच टेलिमेडिसिन, कुठे उपयोगी पडते आणि कुठे पडत नाही, हे मांडण्यासाठी हा लेख.

एक ग्रंथी, दोन शस्त्रक्रिया

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी मूत्राशयाच्या तोंडाशी असते आणि मूत्रमार्ग तिच्यामधून जातो. ‘प्रोस्टेटचे ऑपरेशन’ या एकाच नावाखाली आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टी बोलत असतो.

वयोमानाने ग्रंथी वाढते आणि मूत्रमार्ग दाबला जातो. ही वाढ कर्करोगाची नसते. अशा वेळी मूत्रमार्गातूनच दुर्बीण घालून आतला वाढलेला भाग खरवडून काढतात. बाहेर टाका नसतो, नळी साधारण एक ते तीन दिवसांत निघते. पण आत जखम असते आणि ती भरायला सहा आठवडे लागतात. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास आतली खपली सुटते आणि स्वच्छ झालेली लघवी पुन्हा लाल होऊ शकते.

कर्करोगात संपूर्ण ग्रंथी काढतात आणि मूत्राशयाचे तोंड मूत्रमार्गाला जोडून शिवतात. हा सांधा जुळेपर्यंत, साधारण एक ते दोन आठवडे, नळी ठेवावी लागते. लघवी धरून ठेवणारी आतली झडप ग्रंथीबरोबर जाते. सारा भार बाहेरच्या झडपेवर आणि ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारख्या पसरलेल्या स्नायूंवर येतो. त्यांना हे नवे काम शिकायला वेळ लागतो, म्हणून नळी काढल्यावर लघवी गळते. लैंगिक ताठरतेच्या नसाही ग्रंथीला दोन्ही बाजूंनी चिकटून असतात. त्या वाचवून शस्त्रक्रिया करण्याची पद्धत अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयाचे डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ साली रूढ केली. तरीही नसा दुखावतात आणि सावरायला दीड-दोन वर्षेही लागू शकतात.

पुढे जे लिहितो आहे ते या दोन्हींना सारखे लागू पडत नाही, म्हणून हा फरक आधी सांगितला.

फोनवरचा सल्ला : कायदा काय म्हणतो

भारतात टेलिमेडिसिनची सुरुवात अलीकडची नाही. २००० साली आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या खेड्यातले अपोलोचे रुग्णालय दूरसंपर्काने जोडले गेले. पुढच्याच वर्षी इस्रोने उपग्रहाच्या साह्याने असे प्रयोग सुरू केले. पण डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातल्या साध्या फोनला कायद्यात स्पष्ट जागा नव्हती. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका बाळंतिणीच्या मृत्यूच्या प्रकरणात, रुग्णाला न पाहता फोनवरून औषधे सांगितल्याचा मुद्दा मुंबई उच्च न्यायालयासमोर आला आणि संबंधित डॉक्टरांचा अटकपूर्व जामीन नाकारला गेला. त्यानंतर राज्यातले अनेक डॉक्टर फोनवर काहीही सांगायला बिचकू लागले.

टाळेबंदी जाहीर झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २५ मार्च २०२० रोजी, केंद्राने टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि हा संभ्रम बराचसा मिटला. व्हिडिओ, साधा फोन आणि लेखी संदेश ही तिन्ही साधने त्यात मान्य आहेत. डोंगराच्या पायथ्याच्या वाड्यांत पावसाळ्यात रेंज जाते, तिथे साधा फोनही चालतो, हे आपल्या भागासाठी महत्त्वाचे. कोणते माध्यम पुरेसे आहे हे ठरवण्याचा अधिकार डॉक्टरांचा. ‘प्रत्यक्ष या’ असे ते केव्हाही सांगू शकतात.

या तत्त्वांतली एक तरतूद आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे. त्याच डॉक्टरांना, त्याच आजारासाठी, प्रत्यक्ष भेटून सहा महिने झाले नसतील तर फोनवरचा सल्ला ‘पाठपुरावा’ मानला जातो. त्यात डॉक्टर आधीची औषधे चालू ठेवू शकतात आणि त्याच आजारासाठी काही नवी जोडूही शकतात. सहा महिने उलटले की तोच फोन ‘पहिली भेट’ ठरतो आणि देता येणाऱ्या औषधांची यादी आखडते. लघवीवरचा ताबा परत यायला वर्ष लागू शकते, नसांना त्याहून अधिक. म्हणून सर्व काही ठीक वाटत असले तरी सहा महिने उलटण्याआधी एकदा प्रत्यक्ष भेट घ्यावी, मधल्या काळात फोन वापरावा, असा हिशेब मी धरला.

परदेशात यावर रीतसर प्रयोग झाला आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने ग्रंथी काढलेल्या ५५ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाची पुढची तपासणी व्हिडिओवर, दुसऱ्याची प्रत्यक्ष. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार भेटीची कार्यक्षमता आणि रुग्णांचे समाधान दोन्हीकडे सारखे होते. व्हिडिओवाल्यांचा खर्च आणि प्रवास मात्र वाचला. प्रयोग लहान आहे आणि तिथली घरे आपल्या घरांसारखी नाहीत. त्याकडे पुढे वळतो.

पहिले पंधरा दिवस : जिथे फोन पुरत नाही

आमच्या आळीतल्या एका काकांची वाढलेली ग्रंथी खरवडून काढली होती. बाराव्या दिवशी त्यांनी तांदळाचे पोते उचलून बाजूला ठेवले. संध्याकाळी लघवी लाल झाली, रात्री गुठळ्या पडू लागल्या आणि अकराच्या सुमारास लघवी पूर्ण तुंबली. मुलाने फोटो काढून मुंबईच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि घरातले सगळे उत्तराची वाट पाहत बसले. रात्री तीन वाजता कळ असह्य झाली तेव्हा त्यांना कर्जतमधल्या एका रुग्णालयात नेले. तिथे नळी घालून, सलाइनने मूत्राशय धुऊन गुठळ्या काढल्या. अर्ध्या तासात माणूस शांत झोपला.

त्या रात्रीचे चार तास वाया गेले ते चुकीच्या समजुतीमुळे. संदेश पाठवला म्हणजे उपचार सुरू झाला, असे घरच्यांना वाटले. तुंबलेल्या लघवीवर फोनवर उपचार नाही. त्याला माणसाचे हात लागतात. पुढची लक्षणे दिसली तर आधी जवळचे रुग्णालय गाठावे आणि फोन वाटेत करावा :

लघवी किंवा नळी पूर्ण बंद होणे, ओटीपोट फुगणे. गुठळ्यांसह घट्ट लाल लघवी. थंडी वाजून १००.४ अंशांवर ताप. एका पायाची पोटरी सुजणे व दुखणे, अचानक धाप लागणे किंवा छातीत दुखणे. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात गेल्याची ही खूण असू शकते. जखमेतून पू येणे.

याउलट, भरपूर पाणी प्यायल्यावर फिकट होणारी गुलाबी लघवी, नळीच्या कडेने अधूनमधून होणारा ओलावा, मूत्राशयाला येणारी उबळ, बद्धकोष्ठ या गोष्टी फोनवर विचारण्याजोग्या आहेत. पिशवीतल्या लघवीचा फोटो दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर धरून काढावा. पिवळ्या दिव्याखाली सगळेच लाल दिसते.

एक धोका स्वतंत्रपणे सांगायला हवा. ग्रंथी संपूर्ण काढलेल्या रुग्णाची नळी वेळेआधी निसटली, तर ती अंदाजाने पुन्हा घालायची नसते. आतला सांधा कोवळा असतो, तो फाटू शकतो. अशा वेळी इथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच पुढचे पाऊल उचलावे. मला वाटते, टेलिमेडिसिनचा सर्वांत मोलाचा उपयोग हाच आहे : इथल्या डॉक्टरांचे हात आणि तिथल्या तज्ज्ञाची माहिती यांची गाठ घालणे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या सरकारी ई-संजीवनी सेवेचे दोन भाग आहेत. एकात रुग्ण घरून डॉक्टरांशी बोलतो, दुसऱ्यात आरोग्य केंद्रातून तिथले डॉक्टर किंवा समुदाय आरोग्य अधिकारी मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांचा सल्ला घेतात. ही दुसरी कल्पना आपल्याला इथे हवी आहे. ती साधण्यासाठी घरी येतानाच एका कागदावर पाच गोष्टी लिहून घ्याव्यात : कोणती शस्त्रक्रिया, कोणत्या तारखेला, नळीचा नंबर व तिच्या फुग्यात किती पाणी आहे, नळी काढायची तारीख, आणि रात्री उचलला जाईल असा फोन नंबर. मग त्या कागदाची एक प्रत कर्जतच्या आपल्या डॉक्टरांकडे द्यावी.

लघवीवरचा ताबा : जिथे फोन खरोखर कामाचा

नळी निघाल्यानंतरचे काम मुख्यतः शिकण्याचे आणि मोजण्याचे असते. ते दुरून उत्तम होते.

ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम अमेरिकेतल्या डॉ. आर्नल्ड केगेल यांनी १९४८ साली बाळंतपण झालेल्या स्त्रियांसाठी मांडले. पुरुषांसाठी ते बरेच नंतर आले. वारा सरू नये म्हणून आणि लघवी थांबवावी म्हणून जे स्नायू एकाच वेळी आवळतो, तेच हे. बरोबर जमले तर शिश्न मुळाशी किंचित आत ओढले जाते आणि अंडकोश वर उचलले जातात. आरशात ते दिसते. काही सेकंद आवळायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे, हळूहळू दहा सेकंदांपर्यंत न्यायचे. एका वेळी दहा आवर्तने, दिवसातून तीनदा. खोकण्याआधी, शिंकण्याआधी, खुर्चीतून उठण्याआधी एकदा आवळायची सवय लावायची. नळी आत असताना हे करायचे नाही. लघवी मध्येच थांबवणे ही एकदा खात्री करून घेण्याची युक्ती आहे, रोजचा व्यायाम नव्हे.

फिजिओथेरपिस्टला हे स्नायू व्हिडिओवर दिसत नाहीत, पण चुका दिसतात. मी श्वास कोंडत होतो, पोट ताठ करत होतो आणि नितंब आवळत होतो. हे तिन्ही त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत पकडले.

मात्र या व्यायामाकडून अवास्तव अपेक्षा ठेवू नये. ब्रिटनमध्ये ८५० हून अधिक पुरुषांवर केलेला मोठा अभ्यास २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. लघवी गळणाऱ्या पुरुषांपैकी निम्म्यांना थेरपिस्टकडे समोरासमोर शिकवणी दिली, उरलेल्यांना नेहमीची रुग्णालयीन माहिती आणि राहणीविषयी सल्ला. वर्षाअखेर दोन्ही गटांत गळतीचे प्रमाण जवळपास सारखेच निघाले. याचा अर्थ व्यायाम सोडून द्यावा असा मी घेत नाही. नेहमीच्या माहितीवर अनेक जण आपापला व्यायाम करतच असतात. पण व्यायाम शिकण्यासाठी पुन:पुन्हा शहरात जायलाच हवे असे नाही, एवढे यातून नक्की समजते. एकदा नीट शिकावे, घरी करावे, आणि शरीराला वेळ द्यावा.

मोजण्याचे काम याहून सोपे. तीन दिवस एका वहीत लिहायचे : किती वाजता किती पाणी प्यायलो, किती लघवी झाली, किती पॅड बदलले. कोरडा पॅड स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचा, मग ओला. जेवढे ग्रॅम फरक, साधारण तेवढे मिलिलिटर लघवी गळली. माझी गळती नळी निघाल्यानंतर दुसऱ्या महिन्यात दिवसाला २१० ग्रॅम होती, पाचव्या महिन्यात ३५. पॅड दोन्ही वेळी ‘ओला’च होता, आकड्यांशिवाय मला काही सुधारणा झाली असे वाटलेच नसते. गळती कमी व्हावी म्हणून पाणी तोडायचे नाही. दाट लघवीने मूत्राशय अधिकच चेतते. चहा मात्र कमी केलेला बरा.

रक्ताच्या पीएसए तपासणीसाठीही मुंबईची गरज नाही. नमुना कर्जतला द्यावा, अहवाल पाठवावा. प्रयोगशाळा मात्र शक्यतो दरवेळी तीच असावी. ग्रंथी पूर्ण काढली असेल तर हा आकडा जवळजवळ शून्यावर यायला हवा, तो ०.२ किंवा अधिक झाला आणि दुसऱ्या तपासणीतही तसाच राहिला, तर डॉक्टर आजार परतल्याची शक्यता धरतात. ग्रंथी फक्त खरवडलेली असेल तर आकडा शून्य होत नाही. दोघांनी आपापले अहवाल शेजारी ठेवून घाबरू नये.

फोन कोणाच्या हातात?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावासा वाटला ती. सहाव्या आठवड्यात माझी पहिली व्हिडिओ भेट ठरली. स्मार्टफोन मुलाचा. तो माझ्यासमोर फोन धरून बसला, सून आत स्वयंपाक करत होती, नातू पडद्यात डोकावत होता. डॉक्टरांनी आपुलकीने विचारले, “काका, कसे आहात? लघवीवर ताबा आला का?” मी म्हणालो, “हो, बरं आहे.” तीन मिनिटांत भेट संपली. प्रत्यक्षात मी दिवसाला चार पॅड वापरत होतो, ते रात्री वर्तमानपत्रात गुंडाळून स्वतः टाकून येत होतो, देवळात जाणे सोडले होते आणि पत्नीच्या खोलीत झोपणेही. डॉक्टरांच्या नोंदीत मात्र मी बरा होतो.

मुंबईच्या त्या दहा मिनिटांच्या भेटीत निदान दार बंद होते. फोनने प्रवास वाचवला, पण ते दार काढून घेतले. मार्गदर्शक तत्त्वांत रुग्णाची ओळख, संमती, नोंदी, गोपनीयता या साऱ्यांचा विचार आहे. पण आपल्या घरात, मुलाच्या फोनवर, स्पीकर चालू असताना बाप काय बोलू शकतो, हे कोणत्याही नियमाने सुटत नाही. ते घरानेच सोडवायला हवे.

दुसऱ्या वेळी मी दुपारी दोनची वेळ मागून घेतली. मुलाने फोन जोडून दिला, कानाला लावायची वायर दिली आणि तो बाहेर गेला. वही समोर होती. पहिले वाक्य मी आधीच लिहून ठेवले होते : “मागच्या वेळी मी खोटं बोललो.” ती भेट वीस मिनिटे चालली. शेवटी ताठरतेचा प्रश्नही मी विचारला. त्यांनी सांगितले की नसा सावरायला वेळ लागतो, गोळ्यांचा उपयोग होऊ शकतो, पण हृदयासाठी नायट्रेटची औषधे घेणाऱ्याने या गोळ्या घेतल्या तर रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळतो. म्हणून दुकानातून परस्पर आणू नयेत. पुढच्या भेटीला पत्नीला सोबत बसवा, असेही ते म्हणाले. मी बसवले. तिच्या मनात माझ्यापेक्षा जास्त प्रश्न होते.

कामाची वाटणी

वर्षभराच्या अनुभवातून आणि वाचनातून मी कामाची जी वाटणी केली ती अशी. शहरात : शस्त्रक्रिया, पेशी-तपासणीचा अहवाल समजून घेणे, सहा महिन्यांच्या आतली एक प्रत्यक्ष भेट, आणि डॉक्टर बोलावतील तेव्हा. कर्जतमध्ये : टाके पाहणे, रक्त-लघवीच्या तपासण्या, ठरल्या दिवशी साधी नळी काढणे (शस्त्रक्रिया करणाऱ्यांची संमती असेल तरच), आणि रात्री-अपरात्रीची प्रत्येक तातडी. फोनवर : प्रश्न, वही, व्यायाम, अहवाल, औषधांचे फेरफार आणि जे समोर बोलवत नाही ते.

या तिन्हींपैकी मधला दुवा आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे. रुग्ण थेट मुंबईकडे पाहतो. घराजवळच्या डॉक्टरांना त्याचे ऑपरेशन झाल्याचेही ठाऊक नसते. टेलिमेडिसिनने इथल्या डॉक्टरांची गरज संपत नाही, उलट वाढते. ज्यांच्या घरी शस्त्रक्रियेची तारीख ठरली असेल त्यांनी जाण्यापूर्वीच इथल्या एका डॉक्टरांना भेटून ठेवावे, आणि घरातल्या एका खोलीचे दार दुपारी अर्धा तास बंद राहील अशी सोय करावी.

माझी पुढची प्रत्यक्ष भेट दिवाळीनंतर आहे. गळती आता दिवसाला दहा ग्रॅमच्या आत आली आहे. या वेळी गाडी करायची नाही असे मुलाला सांगितले आहे. मी लोकलनेच जाणार आहे.